श्टुटगार्ट स्टेशन: इमारत पाहा, पण कनेक्शन सांभाळा

फक्त स्टेशन बघायला जर्मनीतल्या श्टुटगार्टला जाऊ नका. वाटेवर असेल तर जरूर उतरा, पण पाठीवरची सॅक असेल तरच. चाकांची बॅग असेल तर विसरा.

पाउल बोनात्स आणि फ्रीडरिश ऑयगेन शोलर यांच्या या दगडी इमारतीचं काम १९१४ला सुरू झालं. मध्ये महायुद्ध आलं. पहिला टप्पा १९२२ला उघडला, सगळं पुरं व्हायला १९२८ उजाडलं. फोटो पाहून वाटतं, गाडीतून उतरलं की समोर तीच. कसलं काय! जमिनीखालच्या नव्या स्टेशनासाठी २०१३मध्ये फलाटच सुमारे १२० मीटर मागे सरकवले. इमारत पलीकडे, आपण अलीकडे, मधे भलामोठा खड्डा. मग तात्पुरत्या मार्गिकेतून वळसे घेत चला, पुन्हा वळा, पुन्हा चला. त्यात पाऊस. सोबतच्या एका आजींची बॅग उचलून दिली आणि खांदा तिथेच संपला. या वाटेबद्दल कुणी एक अक्षर लिहिलेलं नव्हतं, म्हणून मी लिहितोय.

आणि इमारतही अख्खी नाही. उत्तरेचा पंख २०१०ला पाडला, दक्षिणेचा २०१२ला. लोक रस्त्यावर उतरले. ३० सप्टेंबर २०१०ला शेजारच्या बागेत पोलिसांनी निदर्शकांवर पाण्याचे फवारे मारले. पुढच्या वर्षीच्या सार्वमतात मात्र जवळपास ५९ टक्के मतं नव्या स्टेशनाच्या प्रकल्पाच्या बाजूने पडली. (१९६८पासून हे मुंबईचं भगिनी शहर आहे. रखडलेल्या खोदकामात तरी नातं शोभतं.)

आता उरलेलं कसं पाहायचं? शहराच्या बाजूने, आर्नुल्फ-क्लेट चौकातून. ५६ मीटरचा चौकोनी मनोरा, उंच खांबांची रांग आणि शिंपल्यांच्या चुनखडीचे खडबडीत, जेमतेम घडवलेले चिरे. नक्षी जवळजवळ नाही, सगळा दिमाख वजनाचा. हात लावून पाहा. तेवढ्यासाठी मी वळसा माफ केला, अर्धाच. नव्या स्टेशनाचे ख्रिस्टोफ इंगेनहोव्हेन यांनी आखलेले चषकासारखे २८ काँक्रीट खांब मात्र, राग असूनही सांगतो, देखणे आहेत.

दुसऱ्या दिवशी याच शहरातली वाइसेनहोफ ही आधुनिक वास्तुकलेची वसाहत पाहिली. छान झालं.

तिकिटाच्या अ‍ॅपवर दहा-बारा मिनिटांचं कनेक्शन दिसेल. फलाटावरून फलाटावर ते जमेलही, पण भुयारातली लोकल पकडायची असेल किंवा शहरात डोकवायचं असेल तर पुढची गाडी घ्या. स्टेशनही पाहायचं तर मधे दीड तास ठेवा, आणि पाणी आधीच भरून घ्या.