मूत्रपिंडाचे तंतू आणि काकांचा प्रश्न

उच्च रक्तदाबामागे अनुकंपी चेतासंस्थेचा, म्हणजे डॉक्टर जिला सिंपथेटिक म्हणतात तिचा, मोठा हात असतो. तिचे तंतू हृदयाची गती वाढवतात, धमन्या आकुंचित करतात आणि मूत्रपिंडाला मीठ-पाणी धरून ठेवायला व रेनिन, म्हणजे रक्तदाब वाढवणारी साखळी सुरू करणारे द्रव्य, स्रवायला लावतात.

तिला आवर घालण्याचे प्रयत्न जुने आहेत. एके काळी शस्त्रक्रियेने हे तंतूच कापत असत. दाब उतरे, पण उभे राहताच रुग्णाला भोवळ येई. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण मांडला, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. पुढे तिच्यातून वेगळे केलेले रेसर्पिन तंतूंच्या टोकांतील नॉरॲड्रेनालिनचा, म्हणजे त्यांचा संदेश पुढे पोहोचवणाऱ्या रसायनाचा, साठा रिता करते. मात्र काहींना त्याने नैराश्य येई, म्हणून ते मागे पडले.

आता मांडीच्या धमनीतून नळी नेऊन मूत्रपिंडाच्या धमनीभोवतीचे तंतू उष्णतेने निकामी करतात. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 535 रुग्णांच्या चाचणीत उपचार घेतलेल्यांचा वरचा दाब सहा महिन्यांत सुमारे 14 अंकांनी उतरला, पण केवळ अँजिओग्राफी करून तंतूंना हातही न लावलेल्यांचाही सुमारे 12 अंकांनी उतरला. हा निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण अशी तुलना केली नसती तर सारे श्रेय त्या नळीलाच गेले असते. सुधारित उपकरणांच्या पुढील चाचण्यांत खरा, पण माफक फायदा दिसला आणि नोव्हेंबर 2023 मध्ये अमेरिकेत दोन उपकरणांना मान्यता मिळाली.

नागपुरात आमचे काका या उपचाराबद्दल ऐकून आल्यापासून ‘मग गोळ्या सुटतील ना?’ असे विचारत आहेत. बहुतेकांच्या गोळ्या सुटत नाहीत, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले. त्याहून मला चिंता त्यांच्या घोरण्याची आहे, कारण काकू सांगतात की झोपेत त्यांचा श्वास मध्येच थांबतो. श्वास असा अडला की रक्तातील ऑक्सिजन घटतो आणि प्रत्येक वेळी हीच चेतासंस्था उसळते. गोळ्यांना दाद न देणाऱ्या रक्तदाबात हे कारण वारंवार सापडते. म्हणून नळीचा विचार करण्याआधी त्यांनी झोपेची तपासणी करून घ्यावी, असा माझा आग्रह आहे, आणि काकूंनीही तो उचलून धरला आहे.