पंखाची खालची बाजू

फुलपाखराचा देखणा फोटो आणि फुलपाखराची ओळख पटवणारा फोटो यांचे एकमेकांशी फारसे सख्य नसते. देखण्या फोटोत पंख पूर्ण पसरलेले असतात, मागची हिरवळ धूसर झालेली असते, खाली झिनियाचे टवटवीत फूल असते आणि पाहणारा प्रत्येक जण ‘वा’ म्हणतो; पण हे फुलपाखरू कोणते, असे कोणी विचारले की तोच फोटो पुष्कळदा निरुत्तर होतो, कारण उत्तर पंखांच्या खालच्या बाजूवर असते आणि ती बाजू फोटोत आलेलीच नसते. ‘हळदीकुंकू’ हे नाव ज्याला मिळाले ते कॉमन जेझेबेल याचे ठळक उदाहरण आहे. वरून पाहिले तर पांढऱ्या पंखांवर काळ्या शिरा, एवढेच. नावातली हळद आणि कुंकू दोन्ही खालच्या बाजूला असतात. या फुलपाखराच्या अळ्या झाडांवर वाढणाऱ्या बांडगुळाची पाने खातात, त्यामुळे त्याचा वावर बहुतेक वेळ उंच शेंड्यांच्या आसपास असतो आणि खाली अंगणात उभ्या असलेल्या माणसाला ते नेमके योग्य बाजूने दिसते. इतर फुलपाखरे ही सोय करून देत नाहीत.

कोथरूडमध्ये टेकडीच्या बाजूला आमची जुनी सोसायटी आहे आणि तळमजल्याचे घर असल्यामुळे मागची जमिनीची एक अरुंद पट्टी आमच्या वाट्याला आली आहे. तिच्यात कढीपत्ता, लिंबाचे झाड, कण्हेर, निळा चित्रक, सदाफुली आणि कुंडीतली पानफुटी आहे. कुंपणापलीकडे रुईची झुडपे आपोआप उगवलेली आहेत. यांतले काहीही फुलपाखरांसाठी लावलेले नाही. पुण्याच्या कोणत्याही जुन्या घरामागे थोड्याफार फरकाने हीच झाडे सापडतील आणि पाऊस उघडू लागला की, म्हणजे सप्टेंबरपासून दिवाळीच्या मागेपुढे, त्यांच्याभोवती जी वर्दळ सुरू होते ती पाहण्यासाठी सिंहगड किंवा ताम्हिणी गाठण्याची गरज पडत नाही.

सर्वांत अवघड ओळख सर्वांत लहान फुलपाखरांची असते. फरश्यांच्या फटींमध्ये आंबुशी उगवते, तिच्यावर पेल ग्रास ब्लूच्या अळ्या वाढतात आणि नखाएवढी फिकट निळी फुलपाखरे जमिनीपासून वीतभर उंचीवर सतत भिरभिरत असतात. त्यांच्याबरोबर लेसर ग्रास ब्लूही असते आणि उडताना दोघांत काहीच फरक दिसत नाही. ते बसून पंख मिटून घेते तेव्हा राखाडी पंखावरचे काळे ठिपके मोजायला मिळतात. पुढच्या पंखाच्या बुडाकडच्या कप्प्यात एक स्वतंत्र ठिपका असेल तर ते पेल ग्रास ब्लू असण्याची शक्यता असते आणि तो ठिपका नसेल तर लेसर. आयनॅचरलिस्टसारखे अ‍ॅप या छोट्या निळ्यांच्या बाबतीत चार-पाच नावे पुढे करते आणि निवड आपल्यावर सोपवते. अखेर तो एक ठिपका पाहण्यासाठी गुडघे टेकून, कोपर जमिनीला लावून, मोबाइल मिटलेल्या पंखाला अगदी समांतर धरावा लागतो. तिरपा धरला की पंखाचा अर्धाच भाग स्पष्ट येतो आणि ठिपका हमखास दुसऱ्या अर्ध्यात असतो.

चित्रकाच्या कळ्यांवर झेब्रा ब्लू अंडी घालते. तिच्या मागच्या पंखाच्या टोकाशी दोन काळे डोळ्यांसारखे ठिपके आणि केसाएवढे बारीक शेपूट असते. बसल्यावर ती मागचे पंख एकमेकांवर हलकेच घासत राहते, त्यामुळे शेपटे हलतात आणि डोके याच बाजूला आहे, असा भास होतो. पालीने किंवा पक्ष्याने झडप घातलीच तर ती या खोट्या डोक्यावर बसते आणि पंखाचा एक तुकडा देऊन जीव वाचतो. असा तुटका पंख असलेल्या फुलपाखराचा फोटो पुष्कळ जण काढायचे टाळतात. मला मात्र तोच अधिक मोलाचा वाटतो, कारण ही युक्ती कामी आली याचा पुरावा त्यात असतो.

रुईमुळे प्लेन टायगर, म्हणजेच बिबळ्या कडवा, जवळजवळ वर्षभर दिसतो. त्याची अळी रुईचा विषारी चीक पचवते, ते विष फुलपाखराच्या अंगातही राहते आणि एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. म्हणूनच त्याचे उडणे संथ, बिनधास्त असते आणि फोटो काढणाऱ्याला तो भरपूर वेळ देतो. अडचण अशी की, या नारिंगी अंगरख्याचा फायदा घेणारी दुसरीही एक आहे. डॅनॅइड एगफ्लाय या जातीचा नर काळा असतो, त्याच्या पंखांवर जांभळट निळ्या झळाळीने वेढलेले मोठे पांढरे ठिपके असतात आणि तो चटकन ओळखू येतो. मादी मात्र थेट प्लेन टायगरचे रूप घेऊन वावरते. तीच नारिंगी छटा, पुढच्या पंखाच्या टोकाला तोच काळा रंग आणि त्यावरचा तोच पांढरा पट्टा, उडण्याची ढबसुद्धा तशीच संथ. तिच्या अंगात विष नसते, विषाची कीर्ती तेवढी तिने उसनी घेतलेली असते. दोघींमधला फरक मागच्या पंखावर शोधायचा. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यभागी तीन-चार काळे ठिपके असतात. एगफ्लायच्या मादीच्या मागच्या पंखावर वरच्या कडेजवळ एकच काळा डाग असतो. जवळून पाहता आले तर आणखी एक खूण मिळते: प्लेन टायगरच्या काळ्या छातीवर पांढरे ठिपके असतात, एगफ्लायची छाती साधी तपकिरी असते.

त्याहून सोपी खूण पायाशी असते, असे मी आता म्हणेन. नारिंगी फुलपाखरू रुईभोवती घिरट्या घालत असेल तर एक शक्यता आणि जमिनीलगतच्या घोळावर पुन्हा पुन्हा उतरत असेल तर दुसरी, कारण डॅनॅइड एगफ्लाय आपली अंडी घोळावर घालते. आमच्याकडे माळीकाका दर पंधरवड्याला येतात आणि घोळ दिसला की खुरप्याने काढून टाकतात. ‘ताई, तण आहे ते,’ हे त्यांचे म्हणणे बागेच्या दृष्टीने खरेच आहे. शिवाय घोळाची भाजी पातळ करावी की डाळ घालून कोरडी, यावर घरात वाद असल्याने तिचा दुसरा उपयोगही जाणवत असतो. शेवटी कुंपणाच्या कोपऱ्यातला घोळ तेवढा राहू द्यायचा, असे ठरले.

कढीपत्त्याची गोष्ट इतक्या सहज मिटली नाही. कॉमन मॉर्मनची मादी, जिला मराठीत ‘बहुरूपी’ हे नाव शोभते, कढीपत्त्याच्या किंवा लिंबाच्या कोवळ्या पानावर एकेक वाटोळे पिवळसर अंडे चिकटवत जाते. त्यातून निघणारी अळी सुरुवातीचे दिवस हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते: तपकिरी, ओलसर चमक असलेली, मध्ये पांढरा पट्टा. ती पानावर उघड्यावर बसलेली असते, तरी नजर तिच्यावरून सरकून जाते. शेवटची कात टाकल्यावर ती हिरवी होते आणि तिला बोटाने हलकेच डिवचले तर डोक्यामागून लाल रंगाची दोन मऊ शिंगे बाहेर काढून उग्र वास सोडते. कोष करताना ती काडीला टेकते, कमरेभोवती रेशमाचा एक धागा गुंडाळून घेते आणि त्या धाग्याच्या आधाराने थोडी मागे झुकून राहते. कण्हेरीवरच्या कॉमन क्रोचा, म्हणजे हबशीचा, कोष मात्र उलटा लोंबतो आणि भांड्याला नुकती कल्हई केल्यासारखा लखलखतो. आता एवढे सगळे होईपर्यंत कढीपत्त्याच्या दोन-तीन फांद्यांच्या नुसत्या काड्या उरतात. ‘अगं, हे झाड फोडणीसाठी लावलंय की तुझ्या किड्यांसाठी?’ या सासूबाईंच्या प्रश्नाला उत्तर देणे कठीण आहे, कारण त्यांचा दावा आधीचा आहे. औषध फवारायचे नाही, एवढे मात्र त्यांनी मान्य केले. फवारलेली पाने आमटीत घालणे त्यांनाही नको होते.

या बहुरूपीचे प्रकरण शास्त्राच्या इतिहासातही बरेच गाजलेले आहे. तिचा नर काळा, मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. मादीची रूपे मात्र तीन: एक नरासारखेच, दुसरे कॉमन रोजसारखे आणि तिसरे क्रिमसन रोजसारखे. ही दोन्ही रोज फुलपाखरे ईश्वरीच्या वेलावर वाढतात आणि पक्ष्यांना नकोशी असतात, त्यामुळे त्यांचे सोंग घेण्यात मादीचा फायदा आहे. एकेकाळी ही रूपे वेगवेगळ्या जाती म्हणून नोंदली गेली होती. मलय द्वीपसमूहातल्या फुलपाखरांवर आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी लिहिलेला निबंध 1865 मध्ये प्रसिद्ध झाला आणि एकाच जातीच्या माद्या अशा निरनिराळ्या रूपांत असतात हे त्यांनी त्यात मांडले. मादी कोणते सोंग घेणार हे ‘डबलसेक्स’ नावाचा एकच जनुक ठरवतो, हे पुण्यात शिकलेले डॉ. कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखवून दिले. अंगणात उभे राहून सोंग ओळखायला मात्र जनुकाची गरज नाही. खऱ्या रोजचे डोके आणि पोट गुलाबी लाल असते, मॉर्मनचे काळे. बहुतेक फोटोंत सारी नजर पंखांवर लागलेली असते आणि पोट पाकळीआड जाते.

मॉर्मन, लाइम, टेल्ड जे ही शेपटीवाल्यांच्या घराण्यातली मंडळी फुलावर बसून मध पिताना पुढचे पंख फडफडवणे थांबवत नाहीत. त्यांच्यासाठी सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहून कमी वेळ शटर उघडे राहील, अशी व्यवस्था लागते आणि ती सकाळच्या भरपूर उन्हातच जमते. सकाळी नऊच्या सुमारास फुलपाखरे अंग तापवण्यासाठी पंख पसरून बसतात तेव्हा वरची बाजू घ्यावी, ऊन चढल्यावर ती पंख मिटू लागतात तेव्हा खालची. आपली सावली त्यांच्यावर पडू देऊ नये. हाताच्या हालचालीपेक्षा सावलीने ती लवकर उडतात. फुलपाखरू फ्रीजमध्ये ठेवून सुस्त करायचे आणि मग फुलावर मांडून फोटो काढायचे, असला प्रकार काही जण करतात. तसल्या फोटोतली निर्जीव बसण्याची ढब सरावलेल्या डोळ्याला लगेच कळते आणि त्याला मिळणारी बक्षिसे मला तरी पटत नाहीत.

पानफुटीवरच्या रेड पिअरोबद्दल दोन वाक्ये पुरेत. तिची अळी पानावर नव्हे, तर जाड पानाच्या आत, दोन सालींच्या मध्ये राहून गर खाते; पान उजेडाकडे धरले की आतली अळी आणि तिच्या मागची काळी विष्ठा दोन्ही दिसतात. शेजारच्या वाड्यातल्या आंब्यावर कॉमन बॅरनची अळी असते, ती शोधणे हा मात्र वेगळा खेळ आहे. हिरव्या अंगावर मधोमध फिकट रेघ आणि दोन्ही बाजूंना पिसांसारखे काटे असलेली ही अळी पानाच्या मधल्या शिरेवर अशी बेतून बसते की, तिची रेघ शिरेत मिसळते आणि काटे पानावर पसरतात. तिचा फोटो मी नातेवाइकांना दाखवते तेव्हा ते म्हणतात, छान आहे पान.

नीलवंत, म्हणजे ब्लू मॉर्मन, पावसाळ्यानंतर अधूनमधून येते. 2015 मध्ये महाराष्ट्राने तिला राज्य फुलपाखराचा मान दिला आणि असा मान देणारे ते देशातले पहिले राज्य ठरले. ओळखीचा प्रश्नच नाही, एवढी ती मोठी आणि निळी असते. त्यामुळे तिचे फोटो माझ्याकडे पुष्कळ आहेत आणि त्यांतून शिकण्यासारखे थोडे आहे.

सध्या माझे लक्ष कॉमन रोजकडे लागलेले आहे. ती सदाफुलीवर येते, मध पिते आणि अंडी घालण्यासाठी टेकडीकडे निघून जाते, कारण आमच्या कुंपणात ईश्वरीचा वेल नाही. मध कोणत्याही फुलाचा चालतो, पण अळीचे पान ठरलेले असते. त्यामुळे नुसती फुले लावलेल्या बागेत फुलपाखरे वाटसरूसारखी थांबून जातात. ईश्वरीचे रोप शहरातल्या एका रोपवाटिकेत सांगून ठेवले आहे. कपडे वाळत घालण्याच्या दोरीमागची भिंत त्या वेलाला द्यायला सासूबाई तयार आहेत, कढीपत्त्याच्या खालच्या चार फांद्या स्वयंपाकघराच्या, या अटीवर. ही अट बहुरूपीला कोण कळवणार, हे त्यांनी सांगितलेले नाही.