लू शुनच्या वर्गाबाहेर: सेन्दाई आणि टोकियोतले आठ दिवस

सेन्दाई स्टेशनाबाहेर पडले तेव्हा बर्फ भुरभुरत होता आणि माझ्या पायांत पुण्याहून नेलेले सुती मोजे होते. ही पहिली चूक. दुसरी जास्त महागात पडली.

माझ्या एम.ए.च्या प्रबंधाचा विषय चिनी लेखक लू शुन आणि जपान. १९०४ ते १९०६ तो इथल्या वैद्यकीय शाळेत होता. शरीररचना शिकवणारे फुजिनो गेन्कुरो त्याच्या वह्या मागून घेत आणि लाल शाईने तपासून परत देत, अगदी भाषेच्या चुकांसकट. पुढे जीवाणूशास्त्राच्या तासाला रशिया-जपान युद्धाच्या स्लाइड दाखवल्या. एका चिनी माणसाचा शिरच्छेद आणि तो निर्विकारपणे बघणारे चिनी लोक पाहून आपण डॉक्टरकी सोडली, असं त्यानेच लिहून ठेवलंय. तो पायऱ्यापायऱ्यांचा वर्ग तोहोकु विद्यापीठाच्या काताहिरा आवारात अजून उभा आहे, स्टेशनापासून चालत जाण्याइतका जवळ. पण आत जायचं तर आधी कळवावं लागतं, आणि मी ‘गेल्यावर बघू’ म्हणत निघालेली! वर्ग बाहेरूनच पाहिला. तुम्ही निदान महिनाभर आधी ई-मेल करा, जपानीत केलीत तर उत्तम. आणि फेब्रुवारी टाळा. २५ तारखेपासून सरकारी विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षा सुरू होतात, तेव्हा बाहेरच्यांची डाळ शिजत नाही.

आणखी एक. लाल शाईच्या त्या मूळ वह्या सेन्दाईत नाहीतच, बीजिंगच्या लू शुन संग्रहालयात आहेत. कुठला कागद कुठे आहे हे तिकीट काढण्याआधी तपासायचं असतं, हे मला तिथे जाऊन कळलं.

दौरा वाचवला तो जपानी कादंबरीकार नात्सुमे सोसेकीने. कावाउची आवारातल्या मुख्य ग्रंथालयात (भुयारी रेल्वेचं स्टेशनही कावाउचीच) त्याची सुमारे ३,००० पुस्तकं आहेत, समासात त्याच्या हाताची टिपणं असलेली. ग्रंथालयाचा प्रमुख असलेल्या त्याच्या शिष्याने, कोमिया तोयोताकाने, ती युद्धकाळात इथे हलवली. सोसेकीचं टोकियोतलं घर १९४५ च्या बाँबहल्ल्यात जळालं. गंमत म्हणजे १९०८ मध्ये लू शुन टोकियोत ज्या भाड्याच्या घरात राहिला, तिथे त्याच्या आधी सोसेकी राहत होता. माझं दुसरं प्रकरण इथेच फिरलं.

शाकाहाऱ्यांनो, सेन्दाईची शान म्हणजे गाईची जीभ. तेव्हा तुमच्या वाट्याला झुंदा मोची. हिरव्या कोवळ्या सोयाबीनचं गोड वाटण तांदळाच्या मऊ गोळ्यावर. पुरणाच्या चुलतभावासारखं लागतं.

टोकियोला हायाबुसा गाडीने दीड तास लागतो, आरक्षण सक्तीचं. नागाताचोच्या राष्ट्रीय संसद ग्रंथालयात अठरा वर्षांवरील कुणालाही मोफत प्रवेश मिळतो. पिशव्या लॉकरमध्ये, वह्या पारदर्शक पिशवीत. पुस्तकं मागवून घ्यायची, झेरॉक्स त्यांचेच लोक काढतात, आणि लेखकाचा हक्क शाबूत असलेल्या पुस्तकाची साधारण अर्ध्यापर्यंतच. रविवारी बंद. दाझाई ओसामू किंवा सोसेकी वाचण्यात तिथले तास घालवू नका, ते आओझोरा बुन्को या ऑनलाइन ग्रंथालयात फुकट मिळतात. मिशिमा आणि कावाबाता मात्र मिळणार नाहीत: २०१८ च्या अखेरीस लेखकाच्या हक्काची मुदत मृत्यूनंतर पन्नासवरून सत्तर वर्षांवर गेली.

शेवटचा दिवस जिम्बोचोला. जुन्या पुस्तकांची बरीच दुकानं रविवारी बंद असतात, शनिवार धरा. सुझुरान गल्लीत उचियामा शोतेन आहे. उचियामा कान्झोने १९१७ मध्ये शांघायला दुकान काढलं, तिथे लू शुनचा राबता असे; टोकियोतलं १९३५ चं. कान्झोचा भाऊ काकिची याने १९३१ च्या ऑगस्टमध्ये शांघायला चिनी तरुणांना लाकडी ठशांची छपाई शिकवली, आणि दुभाष्या होता खुद्द लू शुन. ठशांवरचं एक जाडजूड पुस्तक तिथे हाताळून परत ठेवलं. सामान आधीच तेवीस किलोच्या काठावर होतं. जाताना बॅग अर्धी रिकामी न्या.