आमची वाटचाल : प्लास्टरच्या टेबलापासून स्कॅनच्या फाइलपर्यंत

डेंटल लॅब सुरू केली तेव्हा मी धरून आम्ही तिघंच होतो, आणि इम्प्लांटची, म्हणजे हाडात बसवलेल्या कृत्रिम मुळाची, केस यायची ती ट्रेमध्ये, तोंडाच्या मापात कोपिंग (इम्प्लांटची जागा मापात धरून ठेवणारा तुकडा) अडकलेलं. त्याला अॅनालॉग, म्हणजे इम्प्लांटची नक्कल, जोडायचा, स्टोन म्हणजे कडक प्लास्टर ओतून मॉडेल करायचं, आणि मग कॅप डॉक्टरांकडे पोचेपर्यंत जिवाला घोर. कारण अॅनालॉग आवळताना कोपिंग केसभर जरी फिरलं तरी मॉडेलवर सगळं छान बसतं आणि तोंडात बसत नाही. नैसर्गिक दाताच्या मुळाभोवती लिगामेंट असतं, तो जरा दबतो, सांभाळून घेतो. इम्प्लांट थेट हाडाला धरलेला, तो काहीच सांभाळून घेत नाही, सगळा ताण स्क्रूवर नाहीतर हाडावर.

मग आधी मॉडेल स्कॅन करायचा टेबलवरचा स्कॅनर घेतला आणि पुढे डॉक्टरच तोंडात स्कॅन करून फाइल पाठवायला लागले. ट्रे नाही, स्टोन नाही, वाटलं आता चुकायला जागाच नाही.

ती जागा आम्हाला एका दाढेच्या केसमध्ये सापडली. टाय-बेसवर, म्हणजे इम्प्लांटवर बसणाऱ्या टायटॅनियमच्या बुंध्यावर, झिर्कोनिया या सिरॅमिकची कॅप, मन लावून केलेली, आणि तोंडात गेल्यावर चावताना उंच, शेजारच्या दाताशी फट. जुनी फाइल परत उघडली. स्कॅनबॉडी म्हणजे स्कॅनपुरता इम्प्लांटवर बसवायचा खुंटा, त्याच्या आकारावरून सॉफ्टवेअर खाली दडलेल्या इम्प्लांटची जागा आणि दिशा काढतं. तो खुंटाच पूर्ण खाली गेला नव्हता, एका बाजूला हिरडी अडकलेली. आणि मॅचिंगच्या, म्हणजे स्कॅन आणि स्कॅनबॉडीचा साठवलेला आकार जुळवून बघण्याच्या, रंगांतही एक कड बिघडलेली दिसत होती, पण आम्ही ऑटोवर टाकून पुढे गेलो होतो. म्हणजे चूक आमचीही. कॅप पैसे न घेता परत करून दिली. तेव्हापासून प्रत्येक केसमध्ये मॅचिंग चारी बाजूंनी फिरवून बघायचं, इम्प्लांट खोल असेल तर स्कॅनबॉडी बसवल्यावरचा एक्स-रे मागवायचा, आणि शंका आली तर डिझाइनला हात लावायच्या आधी डॉक्टरांना फोन. सुरुवातीला काही डॉक्टर वैतागले, आता तेच न मागता एक्स-रे पाठवतात.

मिलिंग, म्हणजे मशीनवर कॅप कापणं, आम्ही बऱ्याच उशिरा घरी आणलं. झिर्कोनिया भट्टीत साधारण 20 ते 25 टक्के आकसतो म्हणून कॅप आधी तेवढी मोठी कापावी लागते, कच्ची असताना ती खडूसारखी असते, बोटाला पांढरी पूड लागते, आणि 1500 अंशांच्या आसपास भाजून निघाली की डायमंडच्या बरशिवाय, म्हणजे घासायच्या टोकाशिवाय, हलत नाही. कॅप ज्यातून कापायची त्या प्रत्येक डिस्कवर आकसण्याचा आकडा छापलेला असतो, तो दोघांनी वाचायचा हा आमच्याकडचा नियम.

पूर्ण जबड्याच्या केसला मात्र मी अजूनही नुसत्या तोंडातल्या स्कॅनवर विसंबत नाही. स्कॅनर छोटे छोटे तुकडे जोडत जातो, मधे नुसती गुळगुळीत हिरडी असली की जोडताना चूक साठत जाते आणि दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत माप सरकलेलं असतं. तिथे आम्ही व्हेरिफिकेशन जिग, म्हणजे इम्प्लांटची मापं पडताळायचा तुकड्यातुकड्यांचा सांगाडा, करून पाठवतो, डॉक्टर तोंडातच त्याचे तुकडे रेझिनने जोडतात आणि आम्ही त्यावर परत स्टोन ओततो, म्हणून स्टोनमधले बुडबुडे काढणारा व्हायब्रेटर अजून टेबलावरून हललेला नाही.

मागच्या आठवड्यात अशीच सहा इम्प्लांटवर बसणारी एक फ्रेम, म्हणजे दात धरणारा एकसंध सांगाडा, गेली. डॉक्टरांनी व्हिडिओ कॉल लावला, एका टोकाचा एकच स्क्रू आवळला आणि कॅमेरा दुसऱ्या टोकाला नेला, कारण फ्रेम ताणलेली असेल तर ते टोक उचललं जातं. आम्ही तिघं स्क्रीनला चिकटून. टोक उचललं नाही.