जांभ्याच्या घरातली चित्रं

आमच्या घराच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर मी चित्र लावत नाही. भिंत लांबरुंद आहे, समोर झोपाळा आहे, आणि येणारा प्रत्येक पाहुणा म्हणतो, "इथे एखादं मोठं पेंटिंग काय शोभेल!" शोभेल, पण टिकणार नाही. जांभा म्हणजे कोकणातला तांबडा, सच्छिद्र दगड; त्याचा चिरा पाणी पितो. जुलैत समुद्राकडून झड यायला लागली की ती भिंत आतून ओली होते, गिलाव्यावर पांढरे क्षार फुलतात आणि तिला टेकलेल्या कशालाही बघता बघता बुरशी धरते. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा चार महिन्यांत. त्यामुळे इथे चित्रं जमवायची तर विचार घरापासून सुरू करावा लागतो. आधी भिंत, मग हवा, मग चित्र.

मी रत्नागिरीच्या कोर्टात वकिली करते, जास्त करून जमिनीची कामं. चित्रकलेचं शिक्षण घेतलेलं नाही. गेली काही वर्षं मी आज काम करणाऱ्या चित्रकारांची चित्रं विकत घेते आहे. बहुतेक सगळे कोकणातले, बहुतेक सगळी कामं कागदावरची.

चित्र बघायची सवय मात्र लहानपणापासूनची. माझं आजोळ कुडाळकडचं. तिथे चतुर्थीच्या आधी गणपतीच्या मागची भिंत रंगवायची पद्धत आहे. गावातलाच एक चित्रकार यायचा, एखाददोन दिवसांत भिंतीवर हिमालय उभा करायचा, नाहीतर धबधबा आणि त्याच्या काठाला हरणं. आम्ही मुलं जेवण विसरून बघत बसायचो. पुढच्या वर्षी त्याच भिंतीवर नवं चित्र. जवळच पिंगुळी. तिथल्या ठाकर मंडळींनी चित्रकथीच्या, म्हणजे चित्रं दाखवत कथा सांगायच्या, पोथ्या पिढ्यानपिढ्या जपल्या, आणि परशुराम गंगावणे यांनी तर आपल्या गोठ्याचंच संग्रहालय केलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा मला घरच्या माणसाचा सत्कार व्हावा तसा आनंद झाला. चित्र गोठ्यात राहू शकतं, तर ओटीवर आणि माजघरात का नाही?

आजच्या कलेची ओळख झाली ती कला महाविद्यालयांच्या वार्षिक प्रदर्शनांमुळे. सावर्ड्याला आणि सावंतवाडीला कोकणातली मुलं चित्र, शिल्प, मुद्राचित्रण (ठशावरून चित्र छापणं) शिकतात. त्यातली बरीचशी नंतर मुंबईला जातात, कारण विकत घेणारा माणूस तिथे आहे असं सगळे धरून चालतात. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून काळा घोड्याला आहे आणि तिचं महत्त्व मोठंच आहे. पण देवरुखच्या मुलाने लांज्याच्या कातळावर काढलेलं चित्र रत्नागिरीच्या माणसाला बघायचं असेल तर त्याने मुंबई का गाठावी, हा प्रश्न मला खरोखर टोचतो. इथल्या घरांनी इथली चित्रं विकत घ्यायला हवीत, हे मी ज्याला त्याला सांगत असते.

अलिबागजवळच्या नागावात १९३६ साली जन्मलेले प्रभाकर बरवे हे माझे सर्वांत आवडते चित्रकार. २०१९ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. त्यांनी बरंचसं काम एनॅमल पेंटमध्ये केलं. घड्याळ, पान, फळ अशा रोजच्या वस्तू, पण एकमेकींपासून लांब, जणू प्रत्येकीला स्वतःची हवा आहे. त्या दालनांतून फिरल्यावर मी काय घ्यायचं आणि काय नाही ते नक्की केलं. होडी, माड आणि सूर्यास्त असलेलं चित्र मी घेत नाही. ती वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. पण ते कोकण पर्यटकाला दाखवायचं आहे. मला हवंय ते इथे राहणाऱ्याच्या डोळ्यांतलं: सड्यावरची, म्हणजे कातळाच्या पठारावरची, कातळशिल्पं, चिरेखाणीतून कापून काढलेल्या डोंगराच्या पायऱ्या, मिरकरवाड्याच्या जेट्टीवर वाळणाऱ्या जाळ्यांचा गुंता, गावी कुलूप लागलेलं घर.

संग्रहातलं एक काम आंब्याच्या पेटीवरचं आहे. पूर्वी हापूस लाकडी पेट्यांतून वाशीला जायचा, आता बहुतेक पुठ्ठ्याचे खोके आले. एका तरुण चित्रकाराने वडिलांच्या बागेतल्या जुन्या पेट्या मोडून फळ्या वेगळ्या केल्या, शेजारी शेजारी ठोकल्या आणि त्यावर ॲक्रिलिकमध्ये आपली आई रंगवली, पाठमोरी, आंब्याला पेंढा लावताना. फळ्यांच्या मधल्या फटी त्याने बुजवल्या नाहीत. बागायतदाराच्या नावाचा छाप एका फळीवर अर्धवट राहिलाय, तो बरोबर आईच्या खांद्यावरून जातो. जवळ जाऊन बघितलं की लाकडाची कूस रंगातून वर आलेली दिसते आणि एका कोपऱ्यात जुन्या खिळ्याचं भोक आहे, त्याच्याभोवती गंजाचं तांबूस वर्तुळ. रंग किती आणि गंज किती, हे तो स्वतःही सांगत नाही. सांगितलेली किंमत मी दोन हप्त्यांत दिली. घासाघीस मी करत नाही. प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी जाऊन, चित्रकाराला माल परत न्यायचा कंटाळा आलेला असताना भाव पाडणारे लोक मी पाहिलेत. तो व्यवहार मला अजिबात आवडत नाही.

बाकी संग्रह बराचसा मुद्राचित्रांचा: लिनोकट (लिनोलियम कोरून), वुडकट (लाकूड कोरून), तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून केलेलं एचिंग. ज्याला थोड्या पैशात अस्सल काम हवंय त्याने इथून सुरुवात करावी. एकाच ठशावरून चित्रकार ठरावीक प्रती काढतो आणि प्रत्येकीखाली पेन्सिलीने ३/१५ असं लिहितो, म्हणजे पंधरांतली तिसरी. प्रत्येक प्रत अस्सलच, पण किंमत कॅनव्हासच्या कितीतरी खाली. शिवाय कागद गुंडाळता येतो, सपाट ठेवता येतो, पावसाळ्यात भिंतीवरून उतरवता येतो.

फ्रेमचं काम मात्र चिकाटीचं. गावातल्या फ्रेमवाल्या काकांचा हात देवादिकांच्या तसबिरींवर बसलेला. काच चित्राला चिकटवायची, मागे हार्डबोर्ड ठोकायचा, चिकटपट्टी लावायची, झालं. मी त्यांच्या दुकानात बसून सगळं समजावलं. काचेला कागद टेकला की दमटपणात तो काचेला चिकटतो, म्हणून मध्ये माउंटचं, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीचं, अंतर हवं. माउंट आम्लविरहित बोर्डाचा हवा, नाहीतर कडेने कागद पिवळा पडतो. चिकटपट्टीचा डाग जन्मात जात नाही, त्याऐवजी पातळ जपानी कागदाचे दोन तुकडे गव्हाच्या खळीने वरच्या कडेला लावायचे. खळीचं नाव काढल्यावर काका खुलले. "ताई, हे आमच्या बापाच्या वेळचं काम, पतंगांना लावायचो!" पहिली फ्रेम त्यांनी माझ्यासमोर केली. आता बोर्ड संपत आला की तेच मला फोन करतात.

टांगण्याबद्दलही थोडं. समुद्राच्या खाऱ्या हवेत लोखंडी खिळा एका पावसात गंजतो आणि फ्रेम खाली येते, म्हणून हुक आणि तार स्टेनलेस स्टीलची. भिंतीत भोकं पाडण्याऐवजी माजघराच्या आतल्या भिंतींवर वर एक सागवानी पट्टी ठोकून घेतलीय, तिच्यावरून तारा सोडल्यात, म्हणजे चित्रं खालीवर करता येतात. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावलेत, त्यामुळे भिंत आणि चित्र यांच्यामध्ये हवा खेळते. गॅलरीत चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १५० सेंटिमीटरवर ठेवतात. तो उभ्या माणसाचा हिशोब. आमच्याकडे माणसं पाटावर, चटईवर, झोपाळ्यावर बसतात, म्हणून मी चित्रं बरीच खाली लावते. बसल्या जागी डोळ्यासमोर चित्र आलं की पाहुणा बोलता बोलता थांबतो आणि बघतो. कागदावरच्या कामाला ५० लक्सच्या (उजेड मोजायचं एकक) आसपासच, म्हणजे मंद, उजेड असावा असा संग्रहालयांचा दंडक आहे. कौलारू घराचं माजघर मुळातच अंधुक, ते इथे उपयोगी पडतं. कवडशातून थेट ऊन येणार नाही एवढं बघितलं की झालं.

मे महिन्यात घरोघरी आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायची लगबग असते, तेव्हा माझीही चित्रं उतरवायची लगबग. कागदावरचं सगळं बाळंतिणीच्या खोलीत जातं. घराच्या पोटातली खोली, बाहेरची भिंत एकही नाही, बाकी घरापेक्षा तिथली हवा कमी बदलते. चित्रं फ्रेममधून काढून आम्लविरहित कागदात एकावर एक सपाट ठेवायची, पत्र्याच्या ट्रंकेत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पिशव्या, आणि ट्रंक जमिनीवर न ठेवता लाकडी पाटांवर. शेजारी आर्द्रता मोजायचा छोटा काटा. ६५ टक्क्यांच्या वर गेला की बुरशीला आमंत्रण, मग सिलिका जेल काढून कढईत तापवून पुन्हा कोरडं करायचं. हवेतला ओलावा शोषणारं यंत्र आहे, पण इथे वाऱ्यापावसात वीज जाते आणि नेमकं गरज असते तेव्हा ते बंद पडतं, म्हणून भरवसा ट्रंकेवरच. कॅनव्हास आणि पेटीच्या फळ्यांचं चित्र माजघरातच राहतात, रोज मागून हात फिरवून बघायचं. टेराकोटाची शिल्पं पडवीत, त्यांना काही होत नाही. नवरात्रात आभाळ मोकळं झालं की सगळं पुन्हा बाहेर, सावलीत वारा देऊन. परत लावताना कुठलंच चित्र जुन्या जागी जात नाही, आणि तीच चित्रं नवी दिसतात. माझ्या मते मुंबईच्या वातानुकूलित घरात वर्षानुवर्षं एकाच खिळ्यावर असलेल्या चित्राकडे इतकं कोणी बघत नसेल.

पाटांची उंची मी २०२१ नंतर वाढवली. त्या वर्षी २२ जुलैला चिपळुणात पाणी भरलं आणि १८६४ पासूनच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातल्या पुस्तकांची जी दैना झाली, ती ऐकून मला झोप लागली नव्हती.

पेशामुळे असेल, पण कागदपत्रांबाबत मी कडक आहे. जमिनीला जसा सातबारा, तसा प्रत्येक चित्राला माझ्याकडे एक उतारा आहे: चित्रकाराचं नाव, माध्यम, माप, साल, बिल, पुढून आणि मागून फोटो, चित्रकाराच्या हस्ताक्षरात दोन ओळी. एक प्रत घरात, एक ऑफिसात. आणि एक गोष्ट घेणाऱ्यांना ठाऊकच नसते. चित्र विकत घेतलं तरी त्याचा कॉपीराइट सहसा चित्रकाराकडेच राहतो, १९५७ च्या कायद्याने त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं. आमच्या एका नातलगाला पेटीवरची आई आपल्या होमस्टेच्या कॅलेंडरवर छापायची होती. मी म्हटलं, चित्रकाराला फोन कर, तो मागेल ते मानधन दे. पुढे मूळ चित्र १०,००० रुपयांच्या वर पुन्हा विकलं गेलं तर त्या रकमेत चित्रकाराचा वाटा मागायचा हक्कही याच कायद्यात आहे, जास्तीत जास्त १० टक्के. प्रत्यक्षात कोणी देत नाही. मी कधी विकलंच तर देईन, तसं उताऱ्यावर लिहून ठेवलंय.

सध्या मन एका संचात अडकलंय. सावंतवाडीला शिकलेल्या एका मुलीची तीन एचिंग्ज, तिन्ही बंद घरांच्या कुलपांची. तिने स्पष्ट सांगितलं, संच मोडणार नाही, आणि मला ते पटलं. दिवाळीपर्यंत हप्ते चालतील म्हणाली. माजघरातल्या आतल्या भिंतीवर कालनिर्णय आणि घड्याळ यांच्यामध्ये मी माप घेतलंय: दोन फ्रेममध्ये चार बोटं अंतर सोडलं तर तिन्ही नीट बसतात.