जो लीपहॉर्न आणि जिम ची

आज दिवसभर टोनी हिलरमन यांची 'अ थीफ ऑफ टाइम' वाचत होते, संपवूनच उठले. १९८८ची कादंबरी. मातीच्या प्राचीन भांड्यांवर काम करणारी एक संशोधक बाई नाहीशी होते आणि अवशेषांची चोरी हळूहळू उघडी पडते. रहस्य छानच आहे, पण मला जो लीपहॉर्न सोडवेना. अमेरिकेतल्या नावाहो या आदिवासी जमातीच्या पोलिसांतला हा अधिकारी. बायको नुकतीच गेलेली, नोकरी सोडायच्या बेतात, तरी नकाशात टाचण्या टोचत प्रत्येक घटनेमागचं कारण शोधतोच. त्याच्या धाकट्या सहकाऱ्याला, जिम चीला, तर पोलिसात राहून पारंपरिक विधी गाणारा हाताली व्हायचंय! ज्या घरात माणूस दगावला ते घरच सोडून द्यायची रीत असलेल्या समाजात खुनाचा तपास करायचा, प्रेताजवळ जायचं, हे किती अवघड असेल, ते हिलरमन फार समजून लिहितात. ते स्वतः नावाहो नव्हते. तरी १९८७ मध्ये नावाहोंनी त्यांना आपला खास मित्र म्हणून गौरवलं, याचं मला मनापासून बरं वाटलं. आता मात्र नावाहो लेखकानंच लिहिलेली रहस्यकथा वाचायची आहे. कुणी वाचली असेल तर नक्की सुचवा.