विषय क्रमांक ४

यंदा दसऱ्याच्या तोंडावर शाळा व्यवस्थापन समितीची सभा झाली. विषय क्रमांक ४ होता पहिलीच्या वर्गातली सरस्वतीची तसबीर. समितीचा सचिव मुख्याध्यापकच असतो, त्यामुळे भांडण कुणाचंही असो, इतिवृत्त मीच लिहायचं.

एका पालकाचा लेखी अर्ज होता : जिल्हा परिषदेच्या शाळेत देवीची तसबीर नको, सावित्रीबाईंची लावा. २०२२मध्ये छगन भुजबळ असंच काहीसं बोलले, तेव्हा गावात पारावर दोन दिवस चर्चा झाली आणि विरली. आता अर्ज आवक नोंदवहीत चढला होता. मी तालुक्याला मार्गदर्शन मागितलं. उत्तर आलं, 'आपल्या स्तरावर नियमोचित कार्यवाही करावी.' सबंध शिक्षण खातं या एका वाक्यावर तगून आहे.

सभेत एकजण म्हणाला, देवी विद्येची आहे, धर्माची नाही. दुसरा उसळला, "१८४८ला पुण्यात पोरींची शाळा जोतिबा-सावित्रीबाईंनी काढली, देवीनं नाही!" मी राज्यघटनेचं कलम २८ वाचून दाखवलं : पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. लगेच प्रश्न आला, "भिंतीवरची तसबीर म्हणजे शिक्षण का, सर?" यावर माझ्याकडेही उत्तर नव्हतं. खरी गाठ वेगळीच होती. तसबिरीखाली लाल ऑइलपेंटनं देणगीदाराच्या वडिलांचं नाव आहे, 'स्मरणार्थ'सकट, आणि देणगीदार समोरच बसले होते.

इतिवृत्त लिहावं तर माझ्यासारखं, हे मी कुणालाही सांगेन. 'वाद' हा शब्द कधी लिहायचा नाही. 'सदस्यांनी आपापली मते मांडली' लिहायचं. सूचक एका आळीचा घ्यायचा, अनुमोदक दुसऱ्या. ठराव आणि सह्या यांच्यात जागा उरली तर तिथं तिरपी रेघ मारायची, नाहीतर रातोरात ओळ वाढते. ठराव असा झाला : लेखी आदेश येईपर्यंत तसबीर आहे तिथेच राहील, शेजारी सावित्रीबाईंची लावली जाईल. सर्वानुमते. दोन्ही बाजूंना आपणच जिंकलो असं वाटलं. असा ठराव जमणं सोपं नसतं.

सह्या झाल्या, चहा झाला. एक सदस्य बाई दाराशी थांबल्या होत्या. मुस्लीम वस्तीतल्या, सभेत अवाक्षर बोलल्या नव्हत्या. म्हणाल्या, "सर, पाटीपूजनाला आमचं पोरगं हात जोडून बसलं न्हाई, तर त्याला साखर-खोबरं भेटंल का?"

"मिळेल की," मी म्हणालो. तेव्हापासून हेच डोक्यात आहे. तसबिरीबद्दल त्यांचं काही म्हणणंच नव्हतं. कलम २८मध्येच पुढे लिहिलंय की शाळेतल्या उपासनेत मुलाला बसवायचं तर पालकाची संमती लागते. प्रार्थनेत हात जोडण्याची सक्ती नको म्हणून नाशिकचा एक शिक्षक मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि २०१३मध्ये जिंकला. तो मोठा माणूस होता, कोर्टात जाऊ शकला. आम्ही सहलीला संमतीपत्र घेतो, जंताच्या गोळ्या द्यायच्या आधी पालकांना कळवतो. पाटीपूजनासाठी आजवर कुणालाच विचारलेलं नाही.

बाईंचा प्रश्न तिरप्या रेघेनंतरचा, म्हणून इतिवृत्तात नाही. पुढच्या सभेत तो घ्यायचाय. पण त्यांचं पोर गावाच्या तोंडी येणार नाही अशा बेतानं विषयपत्रिकेत कसा मांडायचा, ते अजून जुळत नाही.